वाचकांचे प्रश्न : कुंडीतले फूल कागदावर उतरताना

मागील अंकात या सदरातून वाचकांना एक विनंती केली होती. घरच्या बागेतील फुले रंगविताना नेमकी कोणती अडचण येते, ते शक्यतो एखाद्या विशिष्ट फुलाच्या संदर्भात लिहून पाठवावे, अशी ती विनंती होती. पत्रे पुष्कळ आली. ज्यांच्या उत्तरांचा इतरांनाही उपयोग होईल अशी सहा पत्रे येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त असून धंतोलीतील घराच्या गच्चीवर माझ्या तीसेक कुंड्या आहेत. जानेवारीत जलरंगात काढलेली तांबडी जास्वंद मनासारखी उतरली होती. एप्रिल लागल्यापासून मात्र त्याच कागदावर, त्याच रंगांनी आणि त्याच कुंचल्याने काढलेल्या प्रत्येक पाकळीला गडद काठ पडतो आणि मध्येच फुलकोबीसारखे डाग उमटतात. माझा हात बिघडला, की रंग खराब निघाले?

उत्तर : आपला हात आणि रंग दोन्ही ठीक आहेत, बदलली आहे ती नागपूरची हवा. जलरंगात कागदावर पाणी किती वेळ टिकते, यावर जवळजवळ सगळे अवलंबून असते. जानेवारीच्या सकाळी जो वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, आठ-दहा मिनिटे ओला राहत असे, तो एप्रिलच्या कोरड्या झळांमध्ये दीड-दोन मिनिटांत सुकतो, आणि आपला हात मात्र अजून जानेवारीच्याच गतीने चालत असतो.

गडद काठ का पडतो, हे बशीत वाळलेल्या चहाच्या थेंबाकडे पाहिले तर लगेच लक्षात येते. थेंबाच्या कडेला पाणी सर्वांत लवकर उडून जाते, ती तूट भरून काढण्यासाठी मधले पाणी कडेकडे वाहत राहते आणि जाताना रंगाचे कण सोबत नेऊन तेथे सोडते. फुलकोबीच्या डागाचे कारण निराळे आहे. वॉश अर्धवट सुकून त्याची चकाकी गेलेली असते, त्याच वेळी आपण त्यावर अधिक ओला कुंचला टेकवितो. नवे पाणी आजूबाजूच्या दमट भागात शिरते, तेथील रंग ढकलत नेते आणि जेथे थांबते तेथे दातेरी रेषा उमटवते. म्हणून कागद तिरका धरून उजेडात पाहण्याची सवय लावावी. चकाकी आहे तोवर रंगात रंग सोडता येतो आणि कागद पूर्ण सुकल्यावर दुसरा थर देता येतो. या दोहोंच्या मधल्या वेळेत हात मागे घेऊन स्वस्थ बसावे. मी शिकत असताना या मधल्या वेळेने माझे कितीतरी कागद वाया घालविले आहेत, म्हणून हे इतके आग्रहाने लिहिते आहे.

उपाय असे की, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर किंवा ॲक्रिलिकच्या पत्र्यावर चिकटवावा. खालच्या बाजूचे पाणी लवकर उडत नाही आणि वरची बाजू बराच वेळ ओलसर राहते. कुंचला एक-दोन क्रमांकांनी मोठा घ्यावा, कारण तो जास्त पाणी धरून ठेवतो. वाटीभर पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब घातले तरी रंग सुकायला थोडा अधिक वेळ लागतो. त्याहून जास्त घातल्यास मात्र रंग चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. खोलीत कूलर असेल तर त्याच्या झोतापासून दूर, परंतु त्याच खोलीत बसावे. वाळ्याच्या ताट्यांतून आलेल्या हवेत ओलावा असतो आणि तो आपल्या उपयोगाचा आहे, मात्र वारा थेट कागदावर येता कामा नये. पंखा बंद ठेवणे उन्हाळ्यात कठीण आहे हे मला ठाऊक आहे. म्हणूनच सकाळी सहा ते आठ ही वेळ निवडावी.

जास्वंदीसाठी ही वेळ आणखी एका कारणाने योग्य आहे. तिचे फूल सकाळी उमलते आणि बहुतेक जातींत संध्याकाळपर्यंत मिटून जाते, त्यामुळे तिचे चित्र एका बैठकीतच पुरे करावे लागते. पाच पाकळ्यांपैकी प्रत्येक पाकळी एका शेजारणीच्या वर आणि दुसरीच्या खाली असते, भिरभिऱ्याच्या पात्यांसारखी. रंगविताना या रचनेचा फार मोठा फायदा होतो. पहिली, तिसरी अशा एकमेकींना न लागणाऱ्या पाकळ्या आधी घ्याव्यात आणि त्या सुकेपर्यंत देठ व पुष्पकोश रंगवावा. मग उरलेल्या पाकळ्यांकडे वळावे. शेजारशेजारच्या पाकळ्या एकाच वेळी ओल्या नसल्याने सगळे फूल एकदम सांभाळण्याची धावपळ होत नाही. मधल्या दांड्याची जागा पाकळ्यांचा रंग भरताना कोरी सोडावी. त्यावरील पिवळे परागकोश आणि टोकाचे पाच तांबडे ठिपके शेवटी, जवळजवळ कोरड्या कुंचल्याने ठेवावेत.

आपल्याला एक प्रयोग सुचविते. तीच जास्वंद एकाच दिवशी सकाळी सहा, सकाळी दहा आणि दुपारी चार वाजता अशी तीनदा, तळहाताएवढ्या कागदावर रंगवावी. रंग तेच ठेवावेत आणि कुठल्याही कडा दुरुस्त करू नयेत. दुपारच्या कागदावर आलेल्या कठोर कडा कोमेजत चाललेल्या पाकळीच्या सुरकुत्यांना कदाचित सकाळच्या मऊ कडांपेक्षा अधिक शोभतील. आज ज्या गडद काठाबद्दल आपली तक्रार आहे, तो हवा तेव्हा मुद्दाम आणता येऊ लागला, की एप्रिलच्या हवेची धास्ती उरणार नाही.

प्रश्न : महागड्या कागदाशिवाय फुले चांगली येत नाहीत, असे सगळे सांगतात. माझे एवढे खर्च करण्याचे बळ नाही. (मानेवाडा)

उत्तर : पातळ ड्रॉइंग पेपर पाण्याने फुगतो आणि खड्ड्यांत रंग साचतो, त्यामुळे ओल्यावर ओले काम त्यावर होत नाही, हे सांगणारे खोटे सांगत नाहीत. परंतु सरावाचे प्रत्येक पान उंची सुती कागदावर करण्याचीही गरज नाही. ३०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम) वजनाच्या सुती कागदाचा एकच मोठा ताव घेऊन त्याचे सोळा तुकडे करावेत आणि एका तुकड्यावर एकच फूल किंवा एकच पाकळी रंगवावी. रेखाटनासाठी आणि रंग जुळवून पाहण्यासाठी साधा कागद पुरेसा आहे. पैसे वाचवायचेच असतील तर रंगांच्या संख्येत वाचवावेत. एक पिवळा, एक गुलाबी, एक निळा आणि एक बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एवढ्यांत वर्षभराची बाग रंगविता येते.

प्रश्न : काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची फुले येतात तेव्हा संपूर्ण बाग दरवळते, पण मी ती रंगविली की पांढरी फुले कागदावर दिसतच नाहीत. पांढरा पोस्टर कलर लावला तर ती चुन्याची वाटतात. पांढरे फूल पांढऱ्या कागदावर कसे काढावे?

उत्तर : आपले पत्र वाचून मला फार आनंद झाला. ज्या फुलाच्या फळावरून आपला सारा प्रदेश ओळखला जातो, त्या फुलाकडे चित्र म्हणून आपण क्वचितच पाहतो.

पांढऱ्या फुलात पांढरा रंग लावायचा नसतो. कागद हाच पांढरा असतो आणि आपण रंगवायचे असते ते फुलाभोवतीचे सगळे. संत्र्याची पाने गडद, चकचकीत हिरवी असल्याने येथे आपले काम सोपे झाले आहे. पेन्सिलीने पाकळ्यांची बाह्यरेषा अगदी फिकट आखून घ्यावी आणि पानांचा हिरवा त्या रेषेपर्यंत आणून थांबवावा. जेथे पान फुलाला टेकते तेथे हिरवा सर्वांत गडद ठेवावा, म्हणजे तेथील पांढरा आपोआप उजळतो. ही पद्धत अवघड वाटली तर आधी एकाच मोठ्या पानावर एकच फूल असे करून पाहावे.

त्यानंतर फुलातील छायांकडे वळावे. पांढऱ्या पाकळीची सावली करडी असते असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती आजूबाजूचा रंग घेते. आभाळाकडे तोंड असलेल्या भागात किंचित निळसर, पानावर झुकलेल्या भागात पोपटी आणि आतल्या बाजूस पिवळसर छटा दिसते. कोबाल्ट निळ्यात कणभर बर्न्ट सिएना मिसळून, भरपूर पाण्याने पातळ केलेला वॉश बहुतेक ठिकाणी पुरतो. काळा रंग पेटीतून काढूच नये.

फुलाची बांधणीही नीट पाहावी, कारण चुन्याची फुले होण्याचे अर्धे कारण तेथे असते. संत्र्याच्या फुलाला साधारणपणे पाच जाड, मेणासारख्या पाकळ्या असतात आणि पूर्ण उमलल्यावर त्यांची टोके मागे वळतात. त्या वळणावर प्रकाशाची आणि छायेची एक स्पष्ट सीमा पडते. ती दाखविली नाही तर पाकळी कागदाच्या कातरणासारखी सपाट दिसते. मध्ये पांढऱ्या पुंकेसरांचा झुबका असतो, त्यांच्या टोकांवर पिवळे परागकोश असतात, आणि त्या झुबक्याच्या आत तळाशी असलेली हिरवट गाठ पुढे संत्रे होते. कळ्यांचा रंगही तपासावा. लिंबाच्या कळीवर पुष्कळदा जांभळट छटा असते, संत्र्याची कळी मात्र निखळ पांढरी असते. अनेक चित्रांत सवयीने संत्र्याच्याही कळीला गुलाबी-जांभळा लावलेला मी पाहिला आहे.

पोस्टर कलरचा पांढरा पूर्णपणे टाकून द्यावा असे नाही. राखी किंवा मातकट रंगाच्या जाड कागदावर हेच फूल अपारदर्शक पांढऱ्याने काढून पाहावे. तेथे कागद हा मधला टोन ठरतो, छाया त्याहून गडद आणि उजेड त्याहून फिकट ठेवायचा असतो, आणि मग तोच पांढरा चुन्यासारखा वाटत नाही. आंबिया बहार साधारण जानेवारी-फेब्रुवारीत येतो. या वर्षी तो हुकला असेल तर मृग बहाराची फुले पाऊस सुरू झाल्यावर येतील आणि तोवर कुंडीतील मोगऱ्यावर हात बसविता येईल.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी काढलेले गुलाबांचे चित्र फ्रेम करून दिवाणखान्यात लावले होते. समोरच्या खिडकीतून ऊन येते. आता पाने आहेत तशीच आहेत, पण गुलाब जवळजवळ पांढरे झाले आहेत. काय चुकले? (प्रतापनगर)

उत्तर : आपण वापरलेला गुलाबी रंग उन्हात टिकणारा नव्हता. ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही आणि विद्यार्थ्यांसाठीच्या पेट्यांवर ती बहुधा लिहिलेलीही नसते, म्हणून आपण स्वतःला दोष देऊ नये. फुलांच्या चित्रकाराने मात्र ती समजून घेतलीच पाहिजे, कारण आपल्याला सर्वाधिक मोह पडतो तो नेमक्या याच रंगांचा.

गुलाबी आणि किरमिजी रंग अनेक प्रकारच्या रंगद्रव्यांपासून होतात. अलिझारिन क्रिम्सन हा जुना, सुंदर आणि खोल रंग आहे; त्यातील अलिझारिन १८६८ साली प्रयोगशाळेत प्रथम तयार करण्यात आले. पातळ वॉशमध्ये तो उन्हात फिका पडतो. ऑपेरा पिंक या नावाने मिळणाऱ्या भडक गुलाबीत चमक आणणारा रंजक असतो आणि तो त्याहूनही लवकर उडतो. याउलट क्विनॅक्रिडोन जातीची रंगद्रव्ये, जी १९५८ पासून बाजारात आली, ती उन्हाला उत्तम टिकतात. चांगल्या ट्यूबवर बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा संकेत छापलेला असतो. पीव्ही १९ किंवा पीआर १२२ असा संकेत असलेला गुलाबी घ्यावा आणि पीआर ८३ असा संकेत असलेला, भिंतीवर लावायच्या चित्रासाठी तरी, टाळावा. रंगाच्या आकर्षक नावावर विसंबू नये, कारण एकाच नावाखाली निरनिराळ्या कंपन्या निरनिराळी द्रव्ये भरतात.

हे दुःख केवळ हौशी माणसाच्या वाट्याला येते असे नाही. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८९० च्या मे महिन्यात, फ्रान्समधील सॅं रेमी हे गाव सोडण्यापूर्वी, गुलाबांची चित्रे काढली. आज त्यांतील गुलाब पांढरे दिसतात. काढले तेव्हा ते गुलाबी होते आणि त्यांतील तांबडा रंग काळाच्या ओघात उडून गेला.

आपल्याकडील रंगांची परीक्षा घरीच करता येते, आणि त्यासाठी नागपूरच्या उन्हासारखी सोय क्वचितच कुठे असेल. पेटीतील प्रत्येक रंगाची एक लांब पट्टी कागदावर ओढावी, एका टोकाला दाट आणि दुसऱ्या टोकाला अगदी पातळ. प्रत्येक पट्टीचा अर्धा भाग काळ्या जाड कागदाने घट्ट झाकावा आणि तो कागद पश्चिमेच्या खिडकीच्या काचेवर आतून चिकटवून ठेवावा. कमकुवत रंग एप्रिल-मेच्या उन्हात काही आठवड्यांतच उघडे पडतात, कारण झाकण काढल्यावर दोन भागांतील फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो. माझ्या पेटीतील दोन आवडत्या रंगांना मी या परीक्षेनंतर निरोप दिला आणि तेव्हा मला खरोखर वाईट वाटले.

उडणाऱ्या रंगाचा मुद्दाम उपयोग करून घेण्याचीही एक रीत आहे आणि ती आपल्याला आवडेल असे वाटते. सर जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला फुलांचे रस कागदावर लावून, ते उन्हात उडवून चित्रे मिळविण्याचे प्रयोग केले. आपणही हे करू शकतो. जास्वंदीच्या किंवा पळसाच्या पाकळ्या थोड्या पाण्यात वाटून, गाळून, तो रस कागदावर दोन-तीन हात द्यावा आणि कागद अंधारात वाळवावा. त्यावर फुलाची दाबून सपाट केलेली फांदी ठेवून वर काच दाबावी आणि सारे गच्चीवर उन्हात ठेवावे. उघडा भाग फिका पडतो आणि फांदीखालचा रंग राहतो. रसानुसार यास काही तास ते काही दिवस लागतात. हे चित्र पक्के करता येत नाही, त्यामुळे ते वहीत मिटूनच ठेवावे लागते. जास्वंदीच्या रसात लिंबू पिळले तर तो लालसर होतो आणि खायचा सोडा टाकला तर निळसर-हिरवट, त्यामुळे एकाच फुलातून निरनिराळ्या रंगांचे कागद तयार होतात.

गुलाबांचे चित्र आपण पुन्हा काढावे, आणि या वेळी ते उन्हासमोरच्या भिंतीवर न लावता तिच्या शेजारच्या भिंतीवर लावावे.

प्रश्न : मोबाईलवर फुलाचा फोटो काढून त्यावरून रंगविले तर काय बिघडते? (वर्धा मार्ग)

उत्तर : बिघडत काहीच नाही, परंतु काही गोष्टी हातून निसटतात. तांबड्या आणि किरमिजी फुलांत मोबाईलचा कॅमेरा फार चुकतो. भर उन्हातील तांबडी पाकळी त्यात एकसारखा पत्रा होऊन येते आणि तिच्या शिरा नाहीशा होतात. शिवाय फोटोत फूल एकाच बाजूने दिसते. प्रत्यक्ष फुलाभोवती आपण मान वळवून पाहतो, देठ कोठे जोडला आहे ते तपासतो, आणि ते ज्ञान न दिसणाऱ्या भागाच्या रेषेतही उतरते. बादशहा जहांगीर १६२० साली काश्मीरला गेला तेव्हा त्याचा चित्रकार उस्ताद मन्सूर सोबत होता. त्याने तेथील शंभराहून अधिक फुले रंगविली, अशी नोंद बादशहाने स्वतः करून ठेवली आहे. त्यांतील फार थोडी आज उपलब्ध आहेत, परंतु त्याच्या तांबड्या ट्यूलिपकडे पाहिले की पाकळीच्या पाठीमागे काय आहे हे त्याला ठाऊक होते, असे जाणवते.

माझी सूचना अशी की, महाराजबागेत किंवा सेमिनरी हिल्सकडील बागांत जाऊन आधी वीस मिनिटे पेन्सिलीने रेखाटन करावे, कागदाच्या कडेला रंगांचे ठिपके जुळवून ठेवावेत, आणि फोटो सर्वांत शेवटी घ्यावा. घरी आल्यावर फोटो आणि ठिपके यांत फरक दिसला तर ठिपक्यांवर विश्वास ठेवावा.

प्रश्न : मी दहावीत असून सक्करदऱ्याला राहते. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत मला ए ग्रेड मिळाली. आता मला झेंडूवर प्रयोग करायचे आहेत, म्हणून मी मीठ टाकणे, टूथब्रशने रंग उडवणे, मेणबत्ती घासणे असे सगळे करून पाहिले. चित्र बघून आमचे सर म्हणाले की यात झेंडू कुठे आहे? मला फार वाईट वाटले. प्रयोग करू नयेत का?

उत्तर : प्रयोग अवश्य कर. तुझ्या वयात सगळे करून पाहण्याची जी हिंमत तू दाखवलीस, ती जपून ठेव. सरांचा प्रश्न मात्र योग्य होता, आणि त्याचे उत्तर शोधताना तुला पुढची वाट सापडेल.

मीठ ओल्या वॉशवर पडले की त्याचे खडे पाणी ओढून घेतात आणि भोवती चांदण्यांसारखे फिके ठसे उमटतात. ते सुंदर दिसतात, परंतु खाली झेंडू असो की भिंत असो, ते सारखेच उमटतात. म्हणून आधी झेंडूपाशी बस आणि त्याला काय हवे आहे ते बघ. एक फूल उकलून त्याचे भाग वहीत मांड. आपण ज्याला झेंडूची पाकळी म्हणतो, ते प्रत्येक एक स्वतंत्र छोटे फूल असते. तळाशी ओढून पाहिलेस तर त्याची बारीक नळी तुझ्या हातात येईल. अशी कितीतरी फुले एका हिरव्या पेल्यात दाटीने बसलेली असतात. म्हणजे झेंडू हा दाटीचा आकार आहे, आणि दाटी ही मधल्या अंधाऱ्या फटींवरून कळते.

परीक्षेसाठी आपण आधी बाह्यरेषा काढतो आणि मग आत रंग भरतो. ती शिस्त चांगली आहे, परंतु झेंडूत प्रत्येक पाकळीला रेषा काढलीस तर फूल जाळीसारखे दिसेल. त्याऐवजी चार लहान कागद घे. पहिल्यावर पेन्सिलीशिवाय, चपट्या कुंचल्याचे टोक मध्यापासून बाहेर टेकवत जा. एका टेकवण्यात एक पाकळी, कडेला मोठी आणि मध्याकडे लहान. दुसऱ्यावर संपूर्ण गोलाला पिवळा वॉश दे, तो सुकू दे, आणि मग केवळ फटी रंगव, बाहेर नारिंगी आणि आत बर्न्ट सिएनाने. तिसऱ्यावर मेणबत्ती वापर, पण जेथे पाकळ्यांच्या कडांवर ऊन चमकते तेवढ्याच ठिकाणी. चौथा कागद मिठासाठी ठेव आणि ते फुलावर न टाकता मागच्या ओलसर मातीच्या वॉशवर टाक. उन्हाळ्यात वॉश इतका लवकर सुकतो की मिठाला काम करायला वेळच मिळत नाही; म्हणून ते सकाळी लवकर, चकाकी जाण्याच्या किंचित आधी टाक आणि पूर्ण सुकल्यावर सगळे खडे झटकून काढ, कारण राहिलेले मीठ पावसाळ्यात हवेतील ओल धरते आणि कागद खराब करते.

चारही कागदांच्या मागे तारीख, वेळ आणि काय केले ते लिही. मग ते शेजारी-शेजारी लावून सरांना पुन्हा दाखव आणि कोणत्या कागदात झेंडू सर्वांत आधी दिसला ते त्यांना विचार. त्यांनी निवडलेला आणि तू निवडलेला असे दोन्ही कागद मला पाठव.